पान एकशे सत्त्याऐंशी

खण उघडला तेव्हा लिफाफा त्यात नव्हता.

मात्राबाईंनी खण पुरता बाहेर ओढला आणि टेबलावर पालथा केला. दोन पेन्सिली, झिजलेला खोडरबर, चष्मा पुसायचं फडकं. लाखेची मोहोर लावलेला तो जाड खाकी लिफाफा नव्हता. काल संध्याकाळी पाच वाजता त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

त्या या छापखान्यात सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. एक काना, एक मात्रा नजरेतून सुटायची नाही, म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. आता मालकही त्याच नावाने हाक मारत.

मालक धावतच आले. "शेवटचं प्रकरण गेलं?"

"गेलं."

मालक स्टुलावर बसले. कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकाबाई दोन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. टंकलिखिताची ही एकच प्रत होती. बाई जुन्या राजवटीत वाढलेल्या. कार्बन कागदाची त्यांना जन्मभर धास्ती. टिपणंसुद्धा वापरून झाली की चुलीत घालायच्या.

कादंबरी त्याच राजवटीची होती. चाळीस वर्षांपूर्वी याच गावातल्या एका चित्रकाराला एका पहाटे पकडलं, सहा महिने डांबलं आणि मग देशाबाहेर घालवून दिलं. तो परत आलाच नाही, तिकडेच वारला. त्या रात्री तो आपल्या चित्रशाळेत नव्हताच. चौकटी करणाऱ्या एका मित्राच्या दुकानामागच्या खोलीत लपला होता. पोलीस थेट तिथेच आले. खोलीचा पत्ता चौकटवाल्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून फितुरीचा शिक्का त्याच्यावर बसला. त्यालाही आत टाकलं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात तो तुरुंगात मेला. पण लोकांनी आपलं मत बदललं नाही. काम झाल्यावर माणूस फेकून देणारंच ते सरकार, असं म्हणून मोकळे झाले.

पुस्तकात कोणालाच नाव नव्हतं. चित्रकार, त्याची धाकटी बहीण, चौकटवाला, त्याची मुलगी, भाषणवाला. पण गाव ओळखणार होतं. लेखिकाबाईंची शेवटची इच्छा अशी, की पुस्तकातल्या हयात माणसांनी ते छापण्याआधी वाचावं, आणि सगळ्यांचं वाचून झालं की तिघांच्या देखत लिफाफा फोडावा. खबर कोणी दिली, ते त्यात होतं. निदान सगळ्यांची समजूत तशी होती.

गेले चार दिवस तिघंही आलटून पालटून मात्राबाईंच्या खोलीत बसून वाचत होती. आज चार वाजता लिफाफा फोडायचा होता.

"पोलिसांना कळवू?" मालकांनी विचारलं.

"कळवा. मग उरलेलं पुस्तकही त्यांच्या कपाटात जाईल."

मात्राबाईंनी टंकलिखिताचा गठ्ठा पुढे ओढला आणि बोटाला पाणी लावून पानं मोजायला घेतली. एकशे पंच्याऐंशी. एकशे शहाऐंशी. एकशे अठ्ठ्याऐंशी.

त्या थांबल्या. पुन्हा मोजलं. मधलं पान नव्हतं.

"सरकलं असेल कुठेतरी," मालक म्हणाले. "अख्खं प्रकरण गेलंय आणि तुम्ही एका पानासाठी बसलाय."

"माझ्या टेबलावरची पानं सरकत नाहीत."

त्यांनी आपली वही उघडली. टंकलिखित वाचताना जिथे खटकेल तिथे त्या नोंद करत. शनिवारच्या तारखेखाली तीन ओळी होत्या. पान बासष्टवर 'ऊन' ऱ्हस्व पडलंय. पान एकशे त्रेचाळीसवर परिच्छेद तुटलाय. आणि तिसरी: पान ४१ वर चित्रातला पडदा पिवळा, पान १८७ वर निळा. कोणता खरा?

त्या ओळीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी पान दोनशे तीन काढलं. तिथे चित्रकाराचं एक पत्र जसंच्या तसं दिलं होतं. परदेशातून, मरणाच्या आदल्या वर्षी, चौकटवाल्याच्या मुलीला लिहिलेलं. शनिवारी त्या तिथवर पोचल्या नव्हत्या. आता त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तिघांना चार वाजताच येऊ द्या," त्या म्हणाल्या. "लिफाफ्याचं बोलू नका. एकेकाला आत पाठवा."

पहिले आले भाषणवाले. त्या काळी चौकाचौकात सरकारविरुद्ध बोलणारे. पुढे त्याच सरकारात मंत्री झालेले. आता काठी टेकत चालत होते, पण आवाज अजून सभेतला होता.

"पुस्तक कसं वाटलं?"

"माझी चामडी सोललीय बाईंनी. पण खोटं काही नाही. मी बदललो. फितूर मात्र नव्हतो."

"त्या दिवशी चित्रकाराला कुठे भेटलात?"

"संध्याकाळी, चित्रशाळेत. आम्ही मित्र सगळेच होतो. तो खिडकीचं चित्र करत होता. मी म्हणालो, मागे धरपकड लागलीय आणि तू पडदे कसले रंगवतोस? तो म्हणाला, एवढा एक पडदा पुरा होऊ दे."

"कोणत्या रंगाचा?"

"पिवळा. ओला होता, माझ्या बाहीला लागला. बायको आठवडाभर बडबडत होती."

"आणि तो रात्री कुठे जाणार होता?"

"ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तेव्हा कोणी कोणाला विचारतच नसे."

मग चौकटवाल्याची मुलगी आली. पंचेचाळिशीची, शाळेत शिकवणारी. ती खुर्चीच्या कडेवर बसली, बोलावणं आलं की उठून जायच्या तयारीत असल्यासारखी.

"लिफाफ्यात तुझ्या वडिलांचं नाव निघालं तर?"

"निघू दे. सहा वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय. माझं लग्न त्यापायी दोनदा मोडलं. एकदा छापून आलं म्हणजे निदान कुजबुज तरी थांबेल."

"चित्रकारांचं पत्र तूच दिलंस ना बाईंना?"

"हो. मूळ माझ्याकडे आहे. घरात कोणाला दाखवलं नव्हतं. बाबांबद्दल चांगलं लिहिलेला जगातला तेवढाच एक कागद."

"धाकटीचं प्रकरण वाचलंस?"

"काल दुपारी. तिच्या स्वप्नाचं ते पान वाचून गलबलले. म्हटलं, आपल्यासारखंच कोणीतरी झोपेत दचकतंय." ती जराशी थांबली. "मी निघाले तेव्हा त्या स्वतःच वाचायला बाहेर थांबल्या होत्या. मी त्यांचा हात धरला."

शेवटी धाकटी आली. गावात तिला अजून तेच म्हणत, ती सत्तरीला आली तरी. पांढरेशुभ्र केस, इस्त्रीची साडी, मांडीवर कापडी पिशवी. भावाच्या नावाने गावात चित्रशाळा उभी राहिली ती तिच्या खटपटीने. दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनी ती दोन शब्द बोले आणि लोक डोळे पुसत.

"स्वतःला पुस्तकात वाचताना कसं वाटतं?" मात्राबाईंनी विचारलं.

"विचित्र. ती माझ्यापेक्षा किती लहान आहे. दारात उभी आहे नुसती. तिला सांगावंसं वाटतं, जा, घरी जा."

"त्या रात्री तुम्ही कुठे होतात?"

"घरीच. अंगात ताप होता. तो कुठे आहे हे सकाळी कळलं, तेही शेजारणीकडून."

"ते चित्र शेवटचं कधी पाहिलंत?"

"आठवडाभर आधी. चित्रशाळेत."

"पडदा कोणत्या रंगाचा होता?"

धाकटीने क्षणभर मात्राबाईंकडे पाहिलं. "पिवळा."

मात्राबाई उठल्या. त्यांनी दार उघडून उरलेल्या दोघांना आणि मालकांना आत बोलावलं. खोलीत एवढ्या खुर्च्या नव्हत्या. मालक दाराला टेकून उभे राहिले.

"लिफाफा चोरीला गेलाय," मात्राबाई म्हणाल्या. "त्याच्याबरोबर पान एकशे सत्त्याऐंशीही गेलंय. लिफाफा कोणीही नेईल. आत आपलं नाव असेल या भीतीने. पण मधलंच एक पान कोणी कशाला उचलेल? मला वाटतं, खरी चोरी त्या पानाची आहे. लिफाफा नेला तो आपण सगळे त्याच्यामागे लागावं म्हणून. आणि आत काय असेल त्याची भीतीही होतीच."

"काय होतं त्या पानावर?" भाषणवाल्यांनी विचारलं.

"धाकटीचं स्वप्न. लेखिकाबाईंना तिने स्वतः सांगितलेलं. मला ओळ पाठ आहे, कारण ती मला खटकली होती. 'आजही डोळे मिटले की तिला तो ओला निळा पडदा दिसतो.'"

"निळा कसा? पिवळा होता."

"तुम्ही पाहिलात तेव्हा पिवळा. मला ती लेखिकाबाईंची चूक वाटली होती. आता पान दोनशे तीन ऐका." त्यांनी कागद उजेडात धरला. "'त्या रात्री तुझ्या बाबांच्या मागच्या खोलीत मला झोप येईना. चित्र मी सोबत नेलं होतं, रंग मात्र चित्रशाळेतच राहिले. तिथे दारांना लावायच्या निळ्या रंगाचा एक डबा होता. मी पिवळा पडदा निळा केला आणि तसाच आडवा झालो. जाग आली तेव्हा अंगावर माझा कोट होता. तुझ्या बाबांनी तो एवढ्या रात्री कसा मिळवला कोण जाणे. पहाटे ते लोक आले, त्यांनी चित्र अंगणात जाळलं. तो निळा पडदा मी आणि तुझे बाबा सोडून आपल्यातल्या कोणी पाहिला नाही.'"

"ज्याच्या स्वप्नात निळा पडदा येतो, तो माणूस त्या रात्री त्या खोलीत होता," मात्राबाई म्हणाल्या. "आता कोट. पान एकेचाळीसवर चित्रकार आपला कोट अस्तर घालायला बहिणीकडे देतो. तो बहिणीच्या घरी होता. रात्री कोट आपल्या पायांनी त्या खोलीत गेला नाही. हे पत्र कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे धाकटीने लेखिकाबाईंना स्वप्न बेधडक सांगून टाकलं. काल या टेबलाशी पत्र वाचलं, तेव्हा तिला कळलं की तो निळा रंग दुसऱ्या कोणी पाहिलेलाच नाही. काल दुपारपर्यंत ते पान जागेवर होतं; चौकटवाल्यांच्या या मुलीने वाचलंय. हिच्यानंतर एकच माणूस इथे बसलं, मी पाचला घरी गेले त्यानंतरही. पत्राचं पान मात्र तिने नेलं नाही, कारण मूळ पत्र हिच्याकडे आहे हे तिने वाचलं होतं." त्या धाकटीकडे वळल्या. "आणि आत्ता मी विचारलं, तेव्हा तुमच्या स्वप्नाचा रंग बदलला."

धाकटीने पिशवीतून लिफाफा काढून टेबलावर ठेवला. मोहोर शाबूत होती. त्यावर घडी घातलेलं एक पान ठेवलं.

"जाळायला नेलं होतं," ती म्हणाली. "रात्रभर चुलीपुढे बसले. जमलं नाही."

"तू?" भाषणवाल्यांचा आवाज प्रथमच खाली आला. "सख्ख्या भावाला?"

"आमच्या माडीवर एक अधिकारी राहायचा. संध्याकाळी येऊन म्हणाला, उद्यापासून लष्कर शोध घेणार. त्यांना सापडला तर भिंतीशी उभा करतील. आज रात्री आम्हाला सापडला तर देशाबाहेर घालवू, जीव वाचेल. मला कुठे ठाऊक होतं तो कुठे आहे? मग अकरा वाजता चौकटवाले कोट मागायला आले. म्हणाले, गारठलाय, तूच चल, बघून तरी ये. मी गेले. तो झोपला होता, हाताला निळा रंग. मी कोट पांघरला, उठवलं नाही. आणि परत येताना माडीचा जिना चढले."

तिने साडीचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "तो एकतीस वर्षं जगला त्यानंतर. मी रोज स्वतःला हेच सांगते."

"आणि माझे बाबा?" चौकटवाल्याची मुलगी म्हणाली.

धाकटीने लिफाफा मात्राबाईंकडे सरकवला.

मालकांनी मात्राबाईंकडे पाहिलं. त्यांनी मोहोर फोडली. आत एकच कागद होता आणि त्यावर तीन ओळी. मात्राबाईंनी त्या मोठ्याने वाचल्या: "मला कळलं आहे. पण ते तिचं आहे, तिने सांगावं. नाही सांगितलं, तर पुस्तक इथेच संपवा."

बाहेर यंत्र चालू होतं. त्याच्या धक्क्याने टेबल बारीक थरथरत होतं.

"मला एकच विचारायचंय," मुलगी म्हणाली. "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्या खोलीत मी आले होते हे त्यांना एकट्यालाच ठाऊक. मी तुरुंगात भेटायला गेले. म्हटलं, सांगून टाका, मी कबुली देते. त्यांनी जाळीतून माझ्याकडे पाहिलं, रागसुद्धा नव्हता. म्हणाले, त्याला परमुलखात तुझ्या पत्रांशिवाय काय आहे? ती तेवढी बंद पडू देऊ नकोस. माझं काय, माझ्या घरच्यांना मी माहीत आहे."

मुलगी हलली नाही. मग तिने विचारलं, "असं म्हणाले?"

"हेच शब्द."

"आम्हाला नव्हतं माहीत," मुलगी म्हणाली. "आईसुद्धा संशय घेऊनच गेली."

मुलीने मात्राबाईंच्या टेबलावरून कोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलला, धाकटीच्या मांडीवर ठेवला आणि दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"लिहा," ती म्हणाली. "मी बसते इथे."