मासळीचा बर्फ

धाड! दार सिस्टरच्या तोंडावरच बंद झालं.

"जा बाय, जा!" आतून सगुणाकाकी ओरडल्या. "तुझं आयकून पानी उकललं, न् माझाच मोरू आजारी पडला!"

दवाखान्याच्या मालन सिस्टर पिशवी सावरत चालू लागल्या. ओट्यावर बसलेल्या त्यांच्या मुलीची, जयाची, मान खाली गेली. मोरू तिचा धाकटा भाऊ. कालपासून दवाखान्यात होता, जुलाब-उलट्यांनी डोळे खोल गेलेले, हाताला सलाईन. उद्या तिच्या तुळसाआत्याची हळद! पण कोळीवाड्यात बँजोचा सराव बंद, गल्लीत फिनेलचा वास, आणि रोज नवं घर आजारी.

"हे काय भलतंच!" हरिहर म्हणाला. तो जयाच्या वर्गातला, वर्तकनगरहून सायकल हाणत खास हळदीसाठी आलेला. "उकळलेल्या पाण्याने कोण आजारी पडतं?"

"पन खरंय ते!" शेजारचा नाथा म्हणाला. "जे सिस्टरचं आयकतान तेच पडतान. आमचे घरान कोन पानी उकलतंय? आये बोलते, रॉकेल काय फुकट येतंय? बघ, आम्ही ठणठणीत!"

ऐकणारे आजारी आणि आळशी धडधाकट! काहीतरी भयंकर चुकत होतं.

ते दवाखान्यात धावले. डॉक्टर कर्णिकांना मान वर करायला फुरसत नव्हती. "बाळांनो, मी औषध देतो. पाण्याचं खातं निरीक्षकांचं, त्यांना गाठा!"

स्वच्छता निरीक्षक सखारामभाऊ टाकीपाशी सापडले. "माझ्या टाकीत औषध टाकलंय! घरात लोक काय घोळ घालतात ते सिस्टरने बघावं."

आणि सिस्टर? नाक्यावर डोळे पुसत बसलेल्या. "मी उकळा म्हणून सांगितलं, लोक उकळतात. आणखी काय करू रे?"

"कमाल आहे!" जया उसळली. "तिघंही एकाच गावात फिरतात, पण एकमेकांशी बोलायचं नाव नको!"

घरी परतले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. हरिहरने पाणी मागितलं. सगुणाकाकींनी चुलीवरचं पातेलं उतरवलं, गरम पाणी कळशीत ओतलं. मग मासळीच्या पेटीतला बर्फ फोडला, पाणी गार होईपर्यंत त्याच्या ढेपा कळशीत टाकल्या आणि ग्लास भरला!

"काकी, हे काय?"

"अरे, उनउन पानी पोरांच्या घशाखाली कसं जाल? थंड नको करायला?"

हरिहरचा हात ग्लासाजवळच थबकला. जयाने तो ग्लास हिसकावून मोरीत ओतला.

"आये! उकळलं म्हणून गरम झालं, गरम झालं म्हणून बर्फ टाकला! नाथाकडे उकळतच नाहीत, मग बर्फ लागतो कशाला?"

"मीच पाजलं गो त्याला..." असं म्हणून सगुणाकाकी रडू लागल्या. जयाने त्यांना घट्ट धरलं.

बर्फ यायचा दामाजीशेठच्या कारखान्यातून. उद्याच्या हळदीला अख्ख्या गावाच्या सरबतासाठीही तोच येणार होता! मुलं तडक तिकडे गेली.

"नळाचं पाणी आहे, बाबांनो!" शेठ पान चघळत हसला. "पळा आता!"

पण मागच्या बाजूला गटाराकाठी एक जुनी, फळ्यांनी झाकलेली विहीर होती आणि तिच्यात पंपाचा पाइप उतरला होता. आतून कुजका वास येत होता. नाथाने नाक दाबलं.

"आपलं कोण ऐकणार?" हरिहर पुटपुटला.

"हळद ऐकवेल," जया म्हणाली. घरात आत्यासाठी दळलेली हळद डबाभर होती. ती त्यांनी पिशवीत भरून आणली. जयाने फळी सरकवली, पंप घरघरत होता, आणि तेवढ्यात शेठच्या वहाणा करकरल्या!

"कोण रे तिकडे?"

तिघं पिंपांमागे दडली. वहाणा अगदी जवळ आल्या, थांबल्या... शेठ पचकन थुंकला आणि माघारी वळला. जयाने सगळी हळद पाइपाशी ओतली.

दुसऱ्या दिवशी मांडवात बर्फाची हातगाडी आली. मागोमाग दामाजीशेठ. आणि डॉक्टर, सिस्टर, सखारामभाऊ तिघंही धापा टाकत हजर! डॉक्टरांना नाथाने सांगितलं होतं की सिस्टरनी बोलावलंय, सिस्टरना सांगितलं की डॉक्टरांनी, आणि भाऊंना सांगितलं की दोघांनी!

"शेठ, पाणी नळाचंच ना?" जयाने सगळ्यांदेखत विचारलं.

"शंभर टक्के!"

हरिहरने गोणपाट ओढलं. नाथाने लादीवर घाव घातला. लादी दुभंगली आणि मधोमध पिवळीधमक रेघ दिसली!

"ही आत्याची हळद आहे. काल आम्ही तुमच्या गटाराकाठच्या विहिरीत टाकली!"

"मा... मासळीचा बर्फ आहे तो! प्यायला कोणी सांगितलं?"

"मग सरबताला कशाला विकलास?" सखारामभाऊ गरजले. "ती विहीर बंद आहे म्हणून मी तिच्यात औषधही टाकलं नाही!"

"आणि आजाऱ्यांना मी पाण्याचं विचारलं, बर्फाचं नाही," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

"पाणी गार कसं करतात हे मीही पाहिलं नाही," सिस्टर म्हणाल्या.

तिथेच, मांडवातल्या सतरंजीवर, तिघं पहिल्यांदा एकत्र बसले. भाऊंनी कारखान्याला कुलूप ठोकलं, सिस्टर आणि डॉक्टर जोडीने दारोदार फिरले. जया, नाथा आणि हरिहर पुढे धावत ओरडत होते, "बर्फ फेका! माठात गार करा!"

"ही पोरं नसती तर आज काय झालं असतं!" डॉक्टरांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

तीन दिवसांनी मोरू घरी आला. बंद दार सताड उघडं होतं. सगुणाकाकींनी मालन सिस्टरना हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि ग्लास पुढे केला. त्यात कोमट सरबत होतं.

"थंड नाय हां, बाय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पन तू सांगशील तसंच केलंय."

सिस्टरनी ते घोटाघोटाने सगळं संपवलं.