बिघडवायचा राहिलेला फोटो

"हालू नका! तुमची सावली पडून राह्यली तिच्यावर!"

आमच्याच परसात, आमच्याच लिंबाखाली पालथा पडून एक अनोळखी तरुण मलाच दटावत होता. मी धुण्याची बादली तशीच हातात धरून उभी राहिले.

"तिच्यावर म्हणजे कोणावर?"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. पानाखाली नुकतंच कोशातून निघालेलं फुलपाखरू लटकलं होतं. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके... पंख अजून ओलेच.

तो गिरधर. शेजारच्या तोतारामनानांचा भाचा. वरणगावच्या कारखान्यात कामाला, आणि रविवारी इथे सावद्याला मामाकडे. बाकी गाव लिंबावरच्या अळ्या वेचून मारायचं. आमचं घर जैन. माझी आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, एका अळीला हात लावू देत नसे. त्यामुळे झाडाला धड पान नव्हतं, पण फुलपाखरं उदंड. म्हणून हा गडी बाईची परवानगी काढून आला होता आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं!

कॅमेरा म्हणजे साधा डबा. पुढे त्याच्या आजोबांच्या चष्म्याची काच चिकटपट्टीनं लावलेली. अंतर मोजायला एक दोरा बांधलेला. तो ताणून पंखापर्यंत पोचला की फोटो स्वच्छ येई. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रोल वाया घालवत घालवत तो आपला आपणच शिकला होता.

मग दर रविवारी मी पांढरा पंचा धरून उभी राहू लागले. पंच्यावर पडलेलं ऊन उलटून पंखाखाली जाई. बाई ओसरीवर धान्य निवडत आमच्यावर नजर ठेवून असे.

"माझा हात दुखतो," मी म्हणायची.

"माझ्यासाठी थोडा दुखू द्या ना."

"माणसांचे फोटो नाही काढत तुम्ही?"

"माणसं कॅमेरा पाह्यला का श्वास कोंडतात."

"मी नाही कोंडत."

"आता कोंडलाय तुमी," तो हसत म्हणाला.

खरंच कोंडला होता... पण कॅमेऱ्यामुळे नव्हे.

ते अडुसष्ट साल. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आमच्यात मुलीचा फोटो आधी जाई, तो पसंत पडला तरच पुढची बोलणी. जळगावच्या स्टुडिओत फ्लॅश उडाला की माझे डोळे मिटत. आलेल्या स्थळांनी ते फोटो परत पाठवले. बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जिवाला घोर, आणि मी मनातून खूश!

एका रविवारी बाबूजी परसात आले. "गिरधर, आमच्या चंद्रकांताचा एक फोटो काढून द्या. धुळ्याचं स्थळ आहे. तुमच्या फोटोला फ्लॅश लागत नाही म्हणे."

बाई पंचा आणायला आत गेली, तेवढ्यात मी पुटपुटले, "बिघडवा... हात हलवा. माझी शपथ."

त्यानं मान डोलावली.

पंचा बाईनं धरला. गिरधरनं दोरा ताणला... त्याचं टोक माझ्या हनुवटीशी आलं. इतक्या जवळ तो कधीच आला नव्हता. त्याची बोटं कापत होती. मला कोण आनंद झाला! आता फोटो हलणार, धुळेकर नाही म्हणणार. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि मनात होतं नव्हतं ते सगळं डोळ्यांत आलं.

खटका वाजला.

रोल बाबूजींनी स्वतःच जळगावला धुवायला दिला. मुलीची निगेटिव्ह परक्याकडे राहू नये, ही रीत. पंधरवड्यात धुळ्याहून होकाराचा नारळ आला. मुलानं म्हणे फोटो हातातून खाली ठेवलाच नव्हता.

पुढच्या रविवारी मी गिरधरला परसात गाठलं. "हलवतो म्हणून मान डोलावली होतीत ना?"

"हालवणारच व्हतो..." तो लिंबाकडे बघत म्हणाला. "तुमी वर पाह्यलं. असं मले कोणीच कधी पाह्यलं नव्हतं. हात हाल्लाच नाही, चंद्रकांताबाई."

"मग बाबूजींकडे मला मागा!"

"त्यायनी इस्वासानं घरात घेतलं मले. आता हा नारळ परत करा, म्हणून कोन्या तोंडानं सांगू?"

मी त्याच्यावर चिडले, रडले. तोही रडत होता. बाईनं ओसरीवरून हाक मारली तेव्हा मी आत गेले. त्यानंतर तो सावद्याला आला नाही.

धुळ्याला माझं काही वाईट झालं नाही. कांतीलाल, माझे यजमान, शांत, मायाळू माणूस. लग्नानंतर त्यांनी तो फोटो मोठा करून घेतला, चौकट बसवली. भिंतीवर लावायला स्टुलावर चढले आणि थांबले.

"चंद्रा, या फोटोत बघतेस ना... तसं एकदा माझ्याकडे बघ की."

मी बघितलं. अगदी मनापासून बघितलं. त्यांच्यासाठी मला ते जमायला हवं होतं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फोटोकडे... पुन्हा माझ्याकडे. खिळा ठोकायला भिंतीकडे वळले. त्या वेळी मला माझ्याहून त्यांचंच जास्त वाईट वाटलं.