एक्केचाळीस जणांची हजेरी

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचायची अक्कल असती तर आयुष्यभर कारकुनी केली नसती.

आणि एक आधीच सांगतो. हे रात्रीबिरात्री घडलेलं नाही. सहा ऑक्टोबर, वार गुरुवार, संध्याकाळचे पाच. सरकारी कचेरीच्या मागच्या आवारात, चांगलं लख्ख ऊन असताना. मी तेव्हा तिशीत होतो, आता सदुसष्ट पूर्ण झाली. घरात मी एकटाच असतो, त्यामुळे हे सांगायला दुसरं कोणी नाही.

आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

आमच्याकडे पूर्वी परक्यांचं राज्य होतं. आमच्या गल्लीतल्या पुरुषांवर त्यांचा संशय. म्हणून त्यांनी नियम काढला. रोज संध्याकाळी पाचला एक्केचाळीस जणांनी कचेरीच्या आवारात यायचं, रांगेत उभं राहायचं, आपला आकडा पुकारला की ‘हजर’ म्हणायचं. नाव नाही, फक्त आकडा.

दोन वर्षं सगळे मुकाट्याने गेले.

मग एके दिवशी एक्केचाळीसपैकी एकही गेला नाही.

शिपाई घरोघर शिरले. माळे पाहिले, विहिरी पाहिल्या. एकही पुरुष सापडला नाही. ही बातमी दुसऱ्या गावी गेली, तिथलीही आवारं ओस पडली. मग तिसऱ्या गावची. दंगे झाले, गोळीबार झाले, आणि तीन वर्षांत परके गाशा गुंडाळून गेले.

ते एक्केचाळीस मात्र परत आले नाहीत. मेले, सरहद्द ओलांडून गेले, काय झालं कोणालाच कळलं नाही.

त्यातला आकडा सतरा म्हणजे माझे काका. मावशीचे यजमान. लग्नाला आठ महिने झाले होते.

माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ते माझ्याबाबतीत अक्षरशः झालं. आई मी चार वर्षांचा असताना गेली, मावशीने वाढवलं. ती शिवणकाम करायची. दुसरं लग्न केलं नाही. कोणी काकांचा विषय काढला की एवढंच म्हणायची, “सापडला नाही ना? झालं तर मग.”

पुढे आपलं सरकार आलं. चौकाला एक्केचाळीस जणांचं नाव दिलं. त्यांच्या प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी दिली. त्यात, मोठा झाल्यावर, मी लागलो.

आणि काम कोणतं दिलं?

तेच. हजेरी घ्यायचं.

हसू नका. साहेब गेला पण साहेबाचा शिरस्ता गेला नव्हता. खुर्च्या त्याच, कपाटं तीच, रजिस्टरं तीच. हजेरीचा नियम रद्द करायला ज्याने तो काढला त्याच्या सहीचं पत्र लागतं, असाही एक नियम होता. आणि तो तर कधीच आपल्या देशी निघून गेलेला. त्यामुळे वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी पाचला कोणीतरी कारकून त्या रिकाम्या आवारात घंटा वाजवायचा, एक ते एक्केचाळीस आकडे मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येकापुढे ‘गैरहजर’ लिहायचा.

माझ्या आधी तिघांनी हे केलं. मी चौथा.

मागच्या बाजूला एक खोली, एक टेबल, मी. पुढच्या इमारतीतलं कोणी तिकडे फिरकायचं नाही. दिवसभर कोणाशी बोलणं नसायचं. पाच वाजता एक्केचाळीस आकडे वाचायचे, तेवढाच तोंडाला व्यायाम.

आता माझी चूक सांगतो.

‘गैरहजर’ लिहिलं की प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी भरावी लागायची. कारण काय, शोध घेतला का, शेरा. रोजच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या! ‘हजर’ असेल तर मात्र नुसती बरोबरची खूण. चिठ्ठी नाही, काही नाही.

जुलैपासून मी सगळ्यांपुढे बरोबरची खूण करायला लागलो.

कोण बघतंय? महिनाअखेरीला नक्कल मुख्य कचेरीत जायची आणि तिथे कोणी ती उघडतही नसे. पाच मिनिटांत काम उरकून मी घरी. स्वतःवर खूश होतो.

सप्टेंबरात…

आवारात एक कुत्रं झोपायचं. ते यायचं बंद झालं.

मग चिमण्या. भिंतीवर बसायच्या, पण खाली उतरायच्या नाहीत.

आवार झाडायला एक बाई यायच्या, तोंडाच्या फटकळ. एकदा पाहिलं तर त्या सरळ झाडतच नव्हत्या. दोन हात झाडायच्या, बाजूला सरकायच्या, पुन्हा दोन हात.

मी म्हटलं, “काय बाई, नाच शिकताय का?”

“तुम्हाला काय जातंय बोलायला! या आणि झाडून दाखवा. जागाच होत नाही.”

“अहो, आवार रिकामं आहे.”

त्यांनी झाडू खाली ठेवला.

“रिकामं आहे तर मग… माझ्या खांद्याला कोणाचा खांदा लागतो?”

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

आणि मग तो गुरुवार.

मी घंटा वाजवली. रजिस्टर उघडलं. वाचायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. वाचता वाचताच खुणा करत होतो.

“सतरा.”

“…हजर.”

आवाज माझ्यापासून फार तर दहा हातांवरून आला.

मी मान वर केली. आवारात ऊन होतं. बाकी काही नाही.

वाटलं, भास झाला. दिवसभर तोंड बंद ठेवून बसणाऱ्याला भास नाही होणार तर काय होणार! पुढचा आकडा वाचला.

“अठरा.”

“…हजर.”

हा आवाज वेगळा होता. म्हातारा, कफाने भरलेला.

तुम्ही म्हणाल पळाला का नाहीस. पाय हलेनात हो! आणि गंमत म्हणजे तोंड थांबेना. सवयीने मी वाचत गेलो. एक्केचाळीसपर्यंत प्रत्येकाने उत्तर दिलं.

मग शांतता.

आणि त्या शांततेत… खूप माणसं जवळजवळ उभी असली की श्वासांचा येतो तो आवाज.

घरी गेलो. मावशी मशीनवर बसली होती. मला खरं तर वाटलं तिला आनंद होईल. मूर्ख मी! सांगितलं, “मावशी, काका बोलले.”

तिने सुई वर घेतली, कापड काढून त्याची नीट घडी केली. “उद्या मी येते,” म्हणाली.

शुक्रवारी ती आली. साडी इस्त्रीची, केस नीट विंचरलेले. पस्तीस वर्षांनी नवऱ्याला भेटायला आली होती ती.

मी सतरा म्हटलं.

“…हजर.”

मावशीने तोंडावर हात घेतला. “तसाच आहे गं बाई आवाज,” स्वतःशीच म्हणाली. “नुकता उठल्यासारखा.” मग ती आवारात उतरली, आवाज आला तिथे जाऊन उभी राहिली. हात पुढे केला. “अहो,” म्हणाली. “अहो, मी आहे. बोला ना.”

काही नाही.

रजिस्टरच्या पहिल्या पानावरचे नियम मला पाठ होते. रांगेत बोलण्यास मनाई. एकदा हजर झालेल्या व्यक्तीने परवानगीशिवाय आवार सोडू नये.

परवानगी कोणाची, तर त्याच साहेबाची.

मावशी माझ्याकडे वळली. “हे इथे कसे आले? हे तर कधी आलेच नव्हते.”

मी खुणांचं सांगितलं. चिठ्ठ्यांचं सांगितलं. माझा आळस सांगितला.

ती आयुष्यात माझ्यावर ओरडली नव्हती. तेव्हाही ओरडली नाही.

“साहेबाने शिपाई लावले, कुत्री लावली, तरी एक माणूस त्याला हजर करता आला नाही,” ती म्हणाली. “ते तू केलंस. आपल्या राज्यात. घरी लवकर यायला मिळावं म्हणून.”

मी रजिस्टर मिटलं.

“मी एकटी राहिले ना, ती एका गोष्टीवर राहिले. की हा माणूस त्यांच्या हाती लागला नाही. आता माझ्याकडे काय आहे रे?”

त्या दिवसापासून मी पुन्हा ‘गैरहजर’ लिहायला लागलो. एक्केचाळीस चिठ्ठ्या रोज. काही उपयोग झाला नाही. तीन महिन्यांच्या नकला मुख्य कचेरीत पोचल्या होत्या. तिथे ते हजर झालेले होते. रोज उत्तर येतच राहिलं.

मावशीने एकच उपाय सांगितला. “वरच्यांना लिही. मी खोटी हजेरी लावली, हे लोक कधीच आले नव्हते, असं लिही. सही कर.”

मी लिहिलं. सही केली.

टाकलं नाही.

सरकारी कागदावर खोटी नोंद म्हणजे नोकरी जाणार, वर खटला. रोज पत्र खिशात घालून निघायचो, टपालपेटीपर्यंत जायचो आणि पुढे जायचो. उद्या टाकू. उद्या नक्की.

जानेवारीत मावशीने अंथरूण धरलं. छाती भरली होती. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन काय ते सांगितलं. आत आलो तर ती माझ्याकडेच बघत होती.

“पत्र टाकलंस?”

मी म्हटलं, “हो.”

“कधी?”

“मागच्या आठवड्यात. उत्तरही आलं, मावशी. नोंद रद्द केली. काल पुकारलं तर आवाज आला नाही.”

खोटं एकदा बोलायला लागलं की किती सफाईने बोलता येतं बघा.

मावशी हसली. इतक्या महिन्यांनी हसली. “सुटला बिचारा,” म्हणाली. माझा हात धरला आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. सगळं आटोपून माणसं निघून गेली. मी घरी परतलो, तिच्या खोलीत तिच्या मशीनपाशी बसलो. कचेरी तिथून दीड मैल. मी काही वाचलं नाही, काही पुकारलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले.

“…हजर.”

त्याच खोलीत.

तेव्हापासून रोज येतो. घर बदललं तरी येतो. पुढे ती जागा रद्द झाली, इमारत पाडली, मी रीतसर निवृत्त झालो. फक्त एकाचाच आवाज येतो, सतरा नंबरचा. राग नसतो त्यात, तक्रार नसते. हजेरी देणाऱ्या माणसाचा आवाज, बस.

आवाजाची आता मला भीती वाटत नाही. दुसरीच गोष्ट छळते.

मावशी गेली ती तो सुटला असं समजून गेली. जिथे कुठे ती गेली असेल तिथे तिने त्याला शोधलं असेल. सगळीकडे शोधलं असेल. आणि तो तिथे नाही. तो अजून रांगेत उभा आहे.

मुख्य कचेरी अजून आहे. जुन्या नकला तळघरात आहेत, मी विचारून आलो. पत्र माझ्याकडे आहे. आता नोकरी जायची भीती नाही, कोण मला तुरुंगात घालणार या वयात?

तरी टाकलेलं नाही.

टाकलं, आणि उद्या पाच वाजता आवाज आला नाही, तर या घरात माझ्याशी बोलणारं कोणीच उरणार नाही.