आपलंच समजा

पायरी जपून.

हे मी दिवसातून इतक्यांदा म्हणते की झोपेतही म्हणत असेन. आमचा दौरा व्हेनिसला सुरू होतो आणि नेपल्सला संपतो. नेपल्समध्येही शेवटचा थांबा सानिता, म्हणजे माझीच वस्ती. आईच्या दारावरून पुढे गेलं की एक छोटं चर्च आहे, त्याच्या खाली तळघर. शेवट अंगावर काटा आणणारा असला म्हणजे माणसं घरी जाऊन चार लोकांना सांगतात, असं कंपनीचं म्हणणं.

त्या दुपारी गट डेन्मार्कचा होता. चालून चालून त्यांचे पाय सुजले होते. विमान संध्याकाळचं होतं, पण मनाने ते कधीच घरी पोचले होते. मनाने मीही तिथे नव्हते. माझी धाकटी बहीण तितिना इस्पितळात होती. आठवा महिना. याआधीची तिची बाळं पोटातच गेली होती, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी तिला पलंगाखाली पाय टाकायची मनाई केली होती. आईने मात्र डॉक्टरांवर न विसंबता तळघरातल्या माणसाकडे शब्द टाकला होता.

डावीकडे बघा.

डावीकडे भिंतीतल्या फळ्यांवर कवट्या आहेत. कुठल्या तरी जुन्या प्लेगात मेलेल्या, नाव ना गाव अशा माणसांच्या. आमच्याकडच्या बायका त्यातली एक निवडतात, तिला पुसतात, तिच्याखाली रुमाल अंथरतात. स्वर्गात जाण्याआधी शुद्धिस्थानाच्या आगीत पापं फेडत होरपळणाऱ्या त्या आत्म्याला तेवढाच थंडावा. बदल्यात तो तुमचं काम करतो. एके दिवशी स्वप्नात येऊन आपलं नाव सांगतो. मग तो तुमचा. ते नाव तुम्ही कुणाला सांगायचं नसतं. कवटीला घाम फुटला की काम होणार, कोरडी पडली की नाही. बिशपांनी हे सगळं फार पूर्वी बंद केलं. बायकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी रुमाल बदलायला हजर झाल्या.

मी हे मानत नाही. मी पुरातत्त्व शिकले आहे. आमचा पिवळा दगड पाणी पितो आणि सोडतो, थंड हाडावर दमट हवा बसते. आईने निवडलेली कवटी सदा ओली, कारण तिच्यामागे जुनी विहीर आहे. हे मी आईला समजावलं होतं. ती म्हणाली, "मग विहिरीने शेजारच्याला का नाही भिजवलं?"

गटात बोदिल नावाच्या एक बाई होत्या. निवृत्त दंतवैद्य, एकट्याच आलेल्या, कमी बोलणाऱ्या. बाकीचे फोटो काढत होते, त्या आईच्या कवटीसमोर वाकून उभ्या होत्या.

"काय दात आहेत हो!" त्या म्हणाल्या. "असे दात मी क्वचित पाहिले."

माझ्या खिशात फोन थरथरत होता. मी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "आपलेच समजा."

आमच्याकडे असंच म्हणतात. कुणी शालीचं कौतुक करो, घराचं करो, पोराचं करो. समोरच्याने "छे छे, तुमचं तुम्हालाच लखलाभ" म्हणायचं असतं, की विषय मिटला. एवढी वर्षं बाहेरच्या लोकांत वावरूनही ही सवय माझ्या जिभेवरून गेलेली नाही.

"खरंच?" बोदिल म्हणाल्या. "आभारी आहे."

आणि त्यांनी स्वतःचा रुमाल काढून त्या कपाळावरची ओल पुसली. हलक्या हाताने, दाढ काढल्यावर पेशंटचं तोंड पुसावं तशी.

प्रश्न असतील तर विचारा.

नंतर सगळे कोपऱ्यावर कॉफीला थांबलो. कॉफीच्या आधी इथे पाण्याचा ग्लास येतो. बोदिलबाईंचा ग्लास रिकामा होता. बारवाल्याने भरला. आम्ही बोलत होतो, त्यांचे दोन्ही हात कपाभोवती होते. मी पुन्हा पाहिलं तर ग्लास रिकामा.

"बाईंना तहान फार," बारवाला मला म्हणाला. "उत्तरेकडच्यांना आपला उकाडा सोसत नाही."

मी ते भाषांतर करून सांगितलं.

"पण मी पाणी प्यायलेच नाही," बोदिल म्हणाल्या.

त्यांचा तो रुमाल टेबलावर होता. त्याच्याभोवती पाण्याचं एक तळं पसरत चाललं होतं. मी मनात म्हटलं, ग्लास कलंडला असेल.

मग त्यांनी विचारलं, "'रिफ्रिस्को' म्हणजे काय?"

म्हणजे थंडावा. आमच्या बायका त्या आत्म्यांसाठी मागतात तो. पण हा शब्द मी गटासमोर वापरत नाही, मी इंग्रजीत बोलते. आणि बोदिलबाईंनी तो अगदी आमच्या गल्लीच्या हेलात उच्चारला होता, शेवटचा स्वर गिळून.

"कुठे ऐकलात?"

"तळघरात कुणीतरी कानाशी म्हणत होतं. तुम्ही नव्हतात का?"

माझा फोन पुन्हा थरथरला. आई होती.

"चर्चच्या दाराशी ये. तो कोरडा पडलाय. आणि तितिनाच्या बाळाचे ठोके मंदावलेत."

आपापल्या सामानाकडे लक्ष द्या.

आई, म्हणजे दोन्ना कोन्सिल्या, चर्चच्या पायरीवर उभी होती. पायात घरातल्या सपाता, हातात चुरगळलेला रुमाल.

"कुणी हात लावला त्याला?"

"आई, हवा बदलली असेल. वारा सुटला की..."

"वाऱ्याला हात असतात? रुमाल सरकलाय त्याच्या खालचा."

मी सांगितलं. एका बाईंनी पुसला. मी 'आपलेच समजा' म्हणाले. रीत म्हणून.

"कुणाला म्हणालीस? त्या डेन्मार्कवालीला?" आईचा आवाज चढला. "अगं बये, त्यांना रीत कळते का? 'जेवून जा' म्हटलं तर ते लोक खरंच जेवायला बसतात!"

वरच्या सज्ज्यातून शेजारीण ओरडली, "दोन्ना कोन्सिल्या, झालं काय?"

"काही नाही! माझ्या शिकलेल्या लेकीने आमचा मेलेला माणूस पाहुणीला आंदण दिला!"

"अगं बाई! आणि तितिना?"

 आईने दाराची चौकट धरली.

बोदिलबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. भाषा कळली नाही तरी त्यांना अर्थ लागला असावा. "माझ्याकडून चूक झाली का? मी परत करते. कसं करायचं ते सांगा."

"तिला म्हणावं, 'मला नको' एवढं म्हण," आई म्हणाली. "मोठ्याने. त्याला ऐकू जाईल असं."

मी सांगितलं. बोदिल तळघराच्या जिन्याशी उभ्या राहिल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मला नको." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पण मघाशी, कॉफीच्या आधी, बाकी लोक बाहेर फोटो काढत होते ना, तेव्हा चर्चमधल्या बाकावर माझा क्षणभर डोळा लागला. ओल्या केसांचा एक माणूस आला. त्याने नाव सांगितलं. विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, काही नको, मागण्यासारखं माझं कुणी उरलं नाही. तो म्हणाला, मग बरं झालं. नुसता सोबत येतो."

हे आईला सांगावं की नाही, मला कळेना. सांगितलं.

आई पायरीवर बसली. बिशपासमोर, घरमालकासमोर, बापासमोरही कधी माघार न घेतलेल्या माझ्या आईने हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. म्हणाली, "नाव सांगितलं म्हणजे गेला तो. का नाही जाणार? काही न मागता कुणी पुसलं त्याला."

मी तिथूनच तितिनाच्या नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ठोके आणखी उतरलेत. डॉक्टर आत गेलेत. 

"गेला?" मी आईला म्हटलं. "बघतेच कसा जातो."

इथून पुढे गटाला प्रवेश नाही.

आमच्या शहराच्या संताचं सुकलेलं रक्त एका कुपीत आहे. ठरलेल्या दिवशी ते पातळ व्हावं लागतं. उशीर झाला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या त्याला भर चर्चमध्ये शिव्या घालतात. पिवळतोंड्या म्हणतात. आई त्या रांगेत बसते. मी मागे पाहुण्यांबरोबर उभी राहते आणि त्या शिव्यांची मऊ मऊ भाषांतरं करते. "या भगिनी संताला विनंती करत आहेत."

त्या दिवशी भाषांतर करायला मागे कुणी नव्हतं.

मी एकटी खाली उतरले. कवटी पावाच्या शिळ्या कडेसारखी कोरडी होती. आता शेजारच्यांसारखीच. नेहमी कुठूनतरी ठिबकणारं पाणी ठिबकत नव्हतं.

"पिवळतोंड्या!" मी म्हटलं.

आवाज माझा वाटला नाही. आईचा वाटला. पुढचं सोपं गेलं.

"ऐतखाऊ! इतकी वर्षं माझ्या आईच्या हातची सेवा घेतलीस. गुडघे दुखत असताना ती हा जिना उतरली. आणि एक बाई आली, गोड बोलली, की निघालास गाठोडं बांधून? ती काही मागत नाही म्हणून आवडली? आम्ही मागतो! गरज आहे म्हणून मागतो! मागणाऱ्याने का लाजायचं? शब्द देऊन पळणाऱ्याने लाजावं! मी तर तुला मानतही नाही, ऐकलंस? मानत नाही, तरी सोडणार नाही. जायचं तिथे जा. डेन्मार्कला जा, नाहीतर नरकात जा. पण आधी ते बाळ जिवंत बाहेर आण!"

काही झालं नाही.

"नाही आणणार? मग बस भिंतीकडे तोंड करून. कुणी पुसणार नाही, कुणी बघणार नाही."

काम न करणाऱ्या कवटीला आमच्या बायका हीच शिक्षा देतात.

मी ती दोन्ही हातांत धरली.

ती गरम होती.

फळीवर नुसती ठेवलेली कवटी फिरवायला जोर लागत नाही. मला लागला. सगळा लागला. खाली मान असावी आणि तिने नकार द्यावा, तसा.

मी सोडली नाही. दातओठ खाऊन फिरवली.

मग एकदम सैल पडली.

आणि पाणी ठिबकू लागलं.

इथे आपला दौरा संपतो.

बस चर्चपाशी आली होती. बोदिलबाई दारातच उभ्या होत्या, हातात रुमाल. इस्त्री केल्यासारखा कोरडा.

"तो आत्ताच गेला," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. "तुमचं काम झालं असेल. होऊ दे." मग थोडं हसल्या. "बरी सोबत होती." बस निघाली तेव्हा त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती आणि त्या तिच्याकडे बघत होत्या.

अंधार पडायच्या आत तितिनाला मुलगा झाला. मूठभर, पण जिवंत, खणखणीत रडणारा. आई इस्पितळाच्या आवारात सगळ्यांना मिठ्या मारत सुटली. "शिव्यांशिवाय या शहरात काही हललंय का कधी?" ती म्हणाली. "शिकलीस एकदाची!"

बाळ काचेपलीकडे होतं. परिचारिका म्हणाली, "गुणी आहे हो. फक्त एक, कुठल्याही कुशीवर ठेवा, भिंतीकडे वळतो."

काही नवजात बाळांच्या मानेचा एक स्नायू आखडलेला असतो, त्यामुळे ती एकाच बाजूला बघतात. हे मला माहीत होतं. मी आईलाही सांगितलं. परिचारिकेने पाळणा उलटा फिरवला. बाळ दुसऱ्या बाजूला वळलं. आता भिंत त्या बाजूला होती.

सकाळी चर्चचं दार उघडताच मी तळघरात गेले. कवटी पुन्हा सरळ केली, बोटाने फिरली. माझ्याकडचा सगळ्यात चांगला रुमाल तिच्याखाली घातला. आता ती समोर बघते, ओलीचिंब असते. आई खूश आहे. तिला एवढंच खटकतं, की तो हल्ली स्वप्नात येत नाही.

बाळ घरी आलं आहे. अजून भिंतीकडेच बघतं. डॉक्टर म्हणतात मान ठीक आहे, डोळे ठीक आहेत, ऐकू येतं. तितिना त्याला नावाने हाक मारते, खुळखुळा वाजवते, गाणी म्हणते. ते वळत नाही. ती आता गाताना मधेच थांबते आणि माझ्याकडे बघते.

काल ती अंघोळीला गेली होती. मी पाळण्याशी एकटीच होते. वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "पिवळतोंड्या. बाळ आमचं आहे. इकडे बघ."

बाळ वळलं. सावकाश. आधी डोळे, मग मान.

मी नजर हटवली नाही. त्यानेही नाही.