बदामी की सायीचा?

रंगाऱ्याने बाळाच्या खोलीत भिंतीवर दोन पट्टे मारले. एक बदामी, एक सायीचा. "ओला रंग फसवतो. वाळल्यावर ठरवा," असं सांगून तो गेला. मला दोन्ही एकसारखेच दिसत होते, पण सातव्या महिन्यातल्या बायकोपुढे तसं बोलायची माझी छाती नव्हती. मागच्या खेपेला आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतलो होतो. त्यामुळे या वेळी ती म्हणेल तेच.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती बदामी पट्ट्याला पाठ टेकून बसलेली.

"अरे, उबदार आहे हा. मी इथे बसले की बाळ कसं छान पाय मारतं!"

मी फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. गरम-गार हा माझा धंदा. भिंत आतली, पलीकडे जिना. ऊन नाही, पाइप नाही. मी थर्मामीटर लावला. सायीचा पट्टा बाकीच्या भिंतीइतकाच गार. बदामी मात्र माणसाच्या अंगाइतका गरम. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं, तर त्याचंही तेच. मग मात्र मी रंगाऱ्याला बोलावलं.

रंगारी आला. त्याने बदामी पट्ट्यावर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"हा नुसता वरून वाळलाय, आतून अजून ओलाच आहे, साहेब. याच डब्यातला रंग मी फळीवर मारून पाहिलाय, तो केव्हाच वाळला." त्याने पिशवीत हात घातला. "खरवडून टाकतो. सायीचाच घ्या तुम्ही."

मी मान हलवली. खरवडायची पट्टी भिंतीला लागली आणि स्वयंपाकघरातून बायको किंचाळली. मी धावलो. ती ओट्याला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"पोटात कुणीतरी ओरबाडलं रे!"

मी तसाच मागे फिरलो. "हात लावू नका त्याला! सगळी खोली बदामीच करा."

रंगाऱ्याने चारही भिंती रंगवल्या. जाताना त्याने बायकोकडे बघायचं टाळलं.

आता ती दिवसभर त्याच खोलीत बसते. तशी कळ पुन्हा आली नाही, आणि माझाही जीव भांड्यात पडला होता.

आज दुपारी मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो.

"किती शहाणं झालंय बाळ," ती हसून म्हणाली. "रंग दिल्यापासून एकदाही पाय मारला नाही."

माझ्या पाठीवर, भिंतीच्या आतून, हलकेच एक लाथ बसली.