माझं माप सगळ्या शाळेला पाठ झालंय

तो दुकानात आला तेव्हा दुपार कलली होती. उंच, सडपातळ, बोटांना निळा रंग लागलेला… डावं पाऊल जरा जपून टाकत होता. मी नेहमीचं हसू पुढे केलं.

“माप द्यायचंय का?”

“नको. माझं माप सगळ्या शाळेला पाठ झालंय.”

हे तो हसून म्हणाला, म्हणून मला कळायला वेळ लागला.

आमचं दुकान बुटांचं. ज्यांचे दोन पाय सारखे नसतात त्यांच्यासाठी बाबा हातानं बूट शिवतात. ऑनलाइन दुकान मात्र मी उभं केलेलं, एकटीनं आणि भरपूर मिजाशीत. लोक घरबसल्या माप भरत, अडचण लिहीत. खाली माझीच ओळ होती – ‘तुमची माहिती आमच्यापाशीच राहील.’

त्यानं फोन पुढे धरला. त्यावर त्याच्या ऑर्डरचं पान होतं. डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड. आणि खाली त्याचे शब्द – ‘उंची आतून द्या. बाहेरून कळू नये. मी शाळेत चित्रकला शिकवतो.’

“माझी चित्रं शोधताना वर्गातल्या एका मुलीला हे सापडलं,” तो म्हणाला. “तिनं मैत्रिणींना दाखवलं. पुढचं… तुम्ही समजू शकता.”

माझे कान तापले. काय झालंय ते मला क्षणात कळलं. पानं पटकन उघडावीत म्हणून वेबसाइट त्यांच्या तयार प्रती एका फोल्डरमध्ये साठवते, त्याला कॅश म्हणतात. ते फोल्डर मी सगळ्या जगाला दिसणाऱ्या भागातच ठेवलं होतं. तिथून हलवायला हवं हे मला माहीत होतं. ‘करू नंतर’ म्हणत वर्ष काढलं होतं.

“काय झालं गं?” पडद्याआडून बाबांनी विचारलं.

“काही नाही, बाबा.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“आत्ता दुरुस्त करते,” मी पुटपुटले. “तुम्ही… निघालात तरी चालेल.”

“बसतो. घरी जाऊन तरी काय करू? उद्याच्या तासाची भीती वाटत बसणार.”

तो स्टुलावर बसला. मी कॅशचं फोल्डर उचलून बाहेरच्या जगाला पोचता येणार नाही अशा जागी ठेवलं. पण गडबडीत नवा पत्ता सेटिंगमध्ये लिहायलाच विसरले, आणि अख्खं ऑनलाइन दुकान बंद पडलं. त्याच्यासमोर. मी भराभर कळा दाबत सुटले.

“सावकाश,” तो म्हणाला. “मी कुठे पळून जाणारे? पाय बघताय ना माझा.”

मला हसू आलं, आणि हसू आल्याची आणखीच लाज वाटली.

पत्ता दुरुस्त केला, जुन्या प्रती पुसल्या. मग त्याच्या फोनवर तीच लिंक उघडली. ‘पान सापडले नाही.’ शोधयंत्रांच्या यादीतूनही ती पानं काढण्याची विनंती पाठवली.

“असे किती जण आहेत?” त्यानं विचारलं.

“एकेचाळीस. सगळ्यांना फोन करायला हवा… पण सांगू काय?”

“आधी मला सांगा. समजा, मी त्यातलाच एक.” त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. “हॅलो?”

“नमस्कार. काही तांत्रिक अडचणीमुळे…”

“कोणाच्या अडचणीमुळे?”

मी परत सुरुवात केली, “माझ्या हलगर्जीपणामुळे तुमची माहिती उघडी पडली. चूक माझी आहे.”

“हं,” तो भिंतीलाच म्हणाला. “आता ऐकतोय मी.”

पडदा हलला. बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“निम्मे फोन मी करतो,” ते म्हणाले.

“नको, बाबा. मीच करते.”

तीन दिवस लागले. एक बाई रडल्या. एका आजोबांनी मी बोलत असतानाच फोन ठेवला. आणि रोज शाळा सुटली की तो यायचा.

“लेस हवी होती.”

“तुमच्या बुटांना लेस नाहीतच.”

“नाहीत ना,” म्हणत तो लेस घेऊन जायचा.

चौथ्या दिवशी त्यानं सांगितलं, वर्गात त्यानं डावा बूट काढून टेबलावर ठेवला होता आणि मुलांना म्हणाला होता, आज याचं चित्र काढा.

“मग हसले का?”

“दोघं-तिघं. नंतर आतला जाड तळ काढायला जमेना, तेव्हा गप्प झाले.” थोडा थांबून तो म्हणाला, “शूरपणा वगैरे नव्हता हं. रजेचा अर्ज खिशात तयार होता.”

मी काउंटर पुसू लागले. तसा काउंटर स्वच्छच होता.

“तुम्ही माझ्याकडे बघत का नाही?”

“लाज वाटते.”

“अजून? एकेचाळीस वेळा माफी मागून झाली की.”

“ती लाज वेगळी. ही…” मी तोच कोपरा पुन्हा पुसला. “तुमचं सगळं उघडं पडलं, म्हणून तुम्ही इथं आलात. आणि तुम्ही आलात याचा मला आनंद होतो. रोज होतो. किती वाईट आहे हे, कळतंय मला.”

आत बाबांची हातोडी थांबली.

“वाईट आहेच,” तो म्हणाला. “मला अजून तुझा राग येतो. मधूनच येतो, सांगून ठेवतो.”

तुझा… तो ‘तुझा’ म्हणाला होता.

“येऊ दे,” मी म्हणाले.

“आणि तरी शाळा कधी सुटते याची मुलांपेक्षा जास्त घाई मलाच असते.”

मी फडकं खाली ठेवलं, आणि पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.