मॅडमचा फोन आला तरच

पोरांनो, खोटं वाटलं तर अर्शदलाच विचारा. इथं आखातात, सलमाबादला माझ्या खोलीत राहायचा, एसीची कामं करायचा. आता रत्नागिरीला गेलाय, परत यायचं नाव घेत नाही.

गेल्या ऑगस्टातला गुरुवार. रात्री साडेअकराला जनाबियाच्या एका कंपाउंडमधून, म्हणजे बंगल्यांच्या भिंतबंद वसाहतीतून फोन आला, हेलन मॅडमचा एसी बंद पडलाय. मॅडम गोऱ्या, लंडनच्या. बोलणं लोण्यासारखं. काळागोरा भेद नको म्हणून बायकांच्या सभा भरवायच्या, कामवाल्यांना जुने कपडे वाटायच्या. अर्शदला त्यांनी थंड पाणी दिलं, दोनदा थँक यू म्हटलं. बरं वाटतं हो माणसाला.

काम उरकून तो व्हॅन घेऊन फाटकाशी आला, तर गाडी टुंग टुंग करायला लागली. शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणे. सीटवर कुणी नाही. हत्यारांची पेटीसुद्धा मागे.

वकार नावाचा वॉचमन टॉर्च घेऊन आला. "इसको किधर ले जा रहा है? मॅडम का फोन आएगा तभी छोडूंगा."

तिथला रिवाजच तसा. कामवाली बाहेर निघाली की कुणा मॅडमनं फाटकावर फोन करून हो म्हणायचं.

"किसको?" अर्शदनं विचारलं.

वकारनं टॉर्च सीटवर धरली. "ये तो... मर्सी है."

मर्सी केनियाची, हेलन मॅडमच्या मैत्रिणीकडे कामाला. ती बाई तिला कोंडून ठेवायची. एका रात्री खिडकीतून निसटून पोर हेलन मॅडमच्या दारात आली, मला वाचवा म्हणाली. मॅडमनी तिला पायरीवर बसवलं आणि आतून फाटकावर फोन केला, हिला घरी नेऊन सोडा. गोऱ्या मॅडमचा शब्द, वकारनं नेऊन सोडलं. सकाळी तिचं प्रेतच बाहेर आलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे कुणी आलंच नव्हतं. वकारला कुणी विचारलंच नाही. संताप येतो ऐकून.

वकारनं बटण दाबलं. फाटक हलेना. अर्शदनं रिव्हर्स टाकला. गाडी हलेना. दार उघडेना. काचा दमट हवेनं पांढऱ्या झाल्या. टुंग... टुंग...

अर्शदनं मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. "मॅडम, जाऊ द्या तिला. एवढंच म्हणा."

"कुणाला?"

"मर्सीला."



"सॉरी," मॅडम हळूच म्हणाल्या, "मला यात पडायचं नाही."

टुंग थांबलं.

शेजारचं दार उघडलं. लागलं.

फाटक वर गेलं.

अर्शदनं गाडी पळवली ती थेट सलमाबादला. रात्रभर दिवा लावून माझ्या खाटेशी बसून होता.

सकाळी मॅडमचाच फोन. आवाज पार बसलेला. घराचं दार उघडत नाही, रात्रभर फाटकावर फोन करतेय, कुणी उचलत नाही. उचलणार कोण, वकार रात्रीच नोकरी सोडून गेला होता. अर्शदला जायचं नव्हतं. पण माणूस कोंडलंय म्हटल्यावर गेला.

दाराला बाहेरून कडी होती.

आदल्या रात्री तेच दार त्यानं स्वतः ओढून घेतलं होतं. तेव्हा तिथं कडी नव्हती... त्यानं ती काढली. मॅडम बाहेर आल्या, थँक यू म्हणाल्या नाहीत. अर्शदनं कडीवर बोट फिरवलं. दाराचाच पांढरा रंग होता तिच्यावर, थरावर थर, जुना, पोपडे सुटलेला.